बोटांनी घेतलेलं नाव

पहिल्याच भेटीत अक्कांनी मला माझं कुलदैवत विचारलं. मला वाटलं, कुणाचं तरी स्थळ त्यांच्या मनात आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमच्या सहकारी साखर कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मी प्रोग्रॅमर म्हणून चिकटलो होतो. मी रुजू झालो तेव्हा अक्का रजेवर होत्या, निपाणीकडच्या त्यांच्या गावी. परत आल्या त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, पर्समधून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरता कातरता चौकशी सुरू केली. घर कुठल्या पेठेत, भाऊ किती, दारात म्हैस आहे का, लग्न ठरलंय का, कुलदैवत कोण? मी भाविकपणे म्हणालो, "जोतिबा."

"मग काय अवघड न्हाई," अक्का म्हणाल्या. खुर्ची टर्मिनलकडे वळवली, माझं नाव टाकलं, पासवर्डच्या जागी आणखी काहीतरी टाकलं, आणि माझं सगळं काम हिरव्या अक्षरांत त्यांच्या पुढ्यात उघडं पडलं.

"अरं मर्दा, अर्ध्या कारखान्याची राखण जोतिबाच करालाय. त्याला डोंगरावर दुसरं काम न्हाई व्हय? उरलेल्या अर्ध्यांची अंबाबाई. देवांस्नी जरा इसावा द्या की!"

मी ओशाळून हसलो. अक्का हसल्या नाहीत. सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "आता नवा घाल. आणि माझ्याम्होरं घालू नगंस. मी पाठ फिरवते." आणि त्या खरोखरच खुर्चीसकट फिरल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि माझं होईपर्यंत सुपारी चघळत राहिल्या.

अक्का म्हणजे सुलोचना देसाई, आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगावर इचलकरंजीची सुती साडी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. गणितात एम.एस्सी. केलेल्या. पुण्याला एका कंपनीत पंच केलेल्या कार्डांच्या जमान्यापासून कॉम्प्युटरवर काम केलेलं. म्हातारी आई गाव सोडायला तयार होईना म्हणून इकडे परत आल्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "सवड मिळाली न्हाई. आता मिळाली, तर नवरा मिळंना." हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणायच्या की विचारणाराच इकडेतिकडे बघायचा. आवाज असा खणखणीत, की ऊस टाकायच्या गव्हाणीजवळच्या माणसाला त्यांनी खिडकीतून हाक मारली तर त्याला मिलच्या धडधडीतही ऐकू जायची.

कॉम्प्युटरची खोली कारखान्यातली एकमेव थंडगार खोली होती. त्यामुळे उन्हाळ्यात तिथे ज्यांचं काहीच काम नसायचं त्यांचं फार काम निघायचं. चपला बाहेर काढून लोक देवळात आल्यासारखे आत यायचे. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हार घालायचा आणि हळदकुंकू लावायचं हा आग्रह थेट संचालक मंडळाचा. अक्कांनी तोड काढली. हळदकुंकू शेजारच्या स्टॅबिलायझरला. "त्यो ह्याचा थोरला भाऊ हाय, त्याला लावलं की ह्याला पोचतं," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं आणि मंडळाला ते पटलंही.

माणसांची माहिती ठेवायचा अक्कांना नाद होता. कोण कुठल्या गावचा, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराचं बारसं कधी, कुणाच्या बैलाचं नाव काय, सगळं तोंडपाठ. बारशाला, वास्तुशांतीला, बाराव्याला अक्का हजर. हे सगळं प्रेमापोटी आहे अशी माझी समजूत होती. तसं ते होतंच. पण सोमवारी सकाळी या प्रेमाचा दुसरा उपयोग व्हायचा. आठवड्याची सुरुवात म्हणून अक्का एकेकाच्या नावानं लॉगिन करून बघायच्या. हिशेब विभागातल्या चव्हाणांच्या नातीचं नाव परवाच ठेवलेलं, टाकून बघ. स्टोअरकीपरनं नवी मोटारसायकल घेतली, तिचा नंबर टाकून बघ. ज्याचं दार उघडायचं त्यानं विभागाला भडंग आणायचा, असा दंड होता. आम्ही भडंग खाऊन खाऊन कंटाळलो.

"ही तर पोरासोरांची रेवड्यांवरची कुस्ती," अक्का हात झटकत म्हणायच्या. "अरं, गुपित म्हंजे काय? तुम्ही कुणाला सांगितलं न्हाई, एवढ्यानं त्ये गुपित व्हतंय व्हय? दुसऱ्याला सुचायबी नगं!"

लोकांना हा खेळ वाटायचा. मलाही वाटायचा. कॉम्प्युटरच्या पोटात होतं तरी काय, तर साखरेची पोती, उसाची नोंद आणि तोडणीचा क्रम. पण कारखान्याच्या भागात राहिलेल्या माणसाला तोडणीचा क्रम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ऊस तयार झाला की ज्याच्या लावणीची तारीख आधी त्याची तोड आधी. नंबर मागे गेला की ऊस वाळतो, तुरा येतो, वजन घटतं, आणि पुढचं पीक लांबतं. त्या क्रमावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत. पूर्वी तो क्रम शेती विभागाच्या माणसांच्या हातात असायचा. आता तो कॉम्प्युटरमध्ये होता, आणि लोकांचा त्याच्यावर देवासारखा विश्वास बसला होता.

त्या नोंदी टाइप करणाऱ्या मुलींमध्ये शांता मोरे होती. पेठ वडगावची. नवरा इथे फिटर होता, ऐन पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. पदरात दोन पोरं. मॅट्रिक झालेली आणि टायपिंगची परीक्षा दिलेली, म्हणून नवऱ्याच्या जागी तिला घेतलं. काम स्वच्छ. बोलणं जवळजवळ नाहीच. सकाळी आली की आधी टर्मिनलला हात लावून नमस्कार करायची, मग हळूच, एकेक अक्षर शोधल्यासारखा पासवर्ड टाकायची. एरवी तिची बोटं सरसर चालायची. तेवढ्याच एका शब्दाला ती इतका वेळ का लावते, याचं मला नवल वाटायचं. सोमवारच्या फेरीत अक्का तिच्या टर्मिनलपाशी थांबायच्या नाहीत हेही माझ्या लक्षात आलं होतं. तिला परवडणार नाही म्हणून भडंगाचा दंड टाळतात, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता.

एका हंगामात भर थंडीत गलका झाला. पलीकडच्या एका गावातल्या शेतकऱ्याच्या उसाची तोड एकाएकी पन्नासेक जणांना ओलांडून पुढे आली. मागे पडलेले लोक गेटवर जमले. चौकशी झाली तर कॉम्प्युटरनं स्वच्छ सांगितलं, की त्याच्या लावणीची तारीख शांता मोरेच्या नावानं बदलली आहे, दुपारच्या सुट्टीत. शांता म्हणाली, त्या वेळी मी मागच्या खोलीत डबा खात होते. बरोबरच्या मुलींनीही तेच सांगितलं. पण मैत्रिणी असं सांगणारच, असं ठरलं. "माणूस खोटं बोलंल, कॉम्प्युटर बोलत न्हाई," हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की ते कारखान्याच्या कमानीवर रंगवतील की काय असं वाटायला लागलं.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये ठेवली. साहेब म्हणजे कार्यकारी संचालक, इस्त्रीचे, नियमाचे. शेजारी दोन संचालक. त्यातले एक तात्या, पागोटं घालणारे, जुन्या चालीचे शेतकरी. कॉम्प्युटरमधल्या नोंदी दाखवायला म्हणून अक्का आणि मी. शांता दाराशी उभी. बस म्हटलं तरी बसली नाही. सकाळीच तिला सांगितलं गेलं होतं, की समाधानकारक उत्तर दिलं नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस.

साहेबांनी विचारलं, "तुमचा पासवर्ड तुम्ही कुणाला सांगितला होता?"

"कुणालाच न्हाई."

"नक्की?"

"देवाशप्पथ. जन्मात कधी त्यो शबुद तोंडातनं काढला न्हाई."

"मग तुमच्याशिवाय दुसरं कोण आत जाणार? बरं, काय होता पासवर्ड? आता सांगायला हरकत नाही. तो बंद केलाय."

शांतानं मान खाली घातली. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि मान आणखी खाली घातली. दुसरे संचालक म्हणाले, "साधा शब्द सांगायला काय होतंय? सांगत न्हाई म्हंजे पाणी मुरतंय कुठंतरी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तोंड उघडलं नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आता हिचं संपलं, असं मला स्पष्ट दिसलं.

तेव्हा अक्का उठल्या. "साहेब, मस्टर तुमच्याम्होरंच हाय. हिचं नाव वाचा. पुरं वाचा."

साहेबांनी वैतागून वाचलं, "शांता दिनकर मोरे."

"बास," अक्का म्हणाल्या. "मधलं तेवढं पुरं."

साहेबांच्या केबिनमध्ये एक टर्मिनल होतं, त्यावर बाईसाहेबांनी विणलेलं जाळीचं आच्छादन घातलेलं असायचं. अक्कांनी ते उचललं, घडी करून साहेबांच्या हातात दिलं, आणि आदल्या दिवशी बंद केलेलं शांताचं लॉगिन पुन्हा चालू केलं. मग मधलं नाव टाइप केलं. दार उघडलं.

तात्यांच्या ध्यानात आधी आलं. ते शांताकडे न बघता, खिडकीकडे बघत म्हणाले, "मालकाचं नाव हाय व्हय... ती कशी घ्यायची तोंडानं? आमच्या घरात चाळीस वर्सं संसार झाला, अजून माझं नाव घेत न्हाई. 'अहो' म्हंती."

"तिला वाटलं, जे नाव आपण आयुष्यात कधी उच्चारत न्हाई, त्यापेक्षा मोठं गुपित कुठलं असणार?" अक्का म्हणाल्या. "बरोबर वाटलं तिला. पण ते नाव मस्टरवर हाय, तिच्या डब्यावर कोरलेलं हाय, तिच्या दारावर हाय. सगळ्या गावाला ठावं. एकटी तीच तेवढी बोलत न्हाई. दाराला कडी लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवलेली, साहेब. कुणीबी उचलावी."

"तुम्हाला हे माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. लई दिवसांपासून. बाकी सगळ्यांना मी बदलायला लावलं, हिला लावलं न्हाई. सकाळी हळूहळू टाइप करायची ते बघवायचं न्हाई मला. नवऱ्याचं नाव घ्यायला तिला तेवढीच एक जागा. ती काढून घ्यायला माझा हात झाला न्हाई. चूक माझी हाय. काढायचं तर मला काढा."

हे त्यांनी नेहमीच्याच मोठ्या आवाजात सांगितलं. बाहेर बसलेल्या शिपायालाही ऐकू गेलं असेल. त्या विभागाच्या प्रमुख होत्या, आणि असा कबुलीजबाब दिल्यावर घरी जावं लागू शकतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी मात्र टेबलाखाली पाय हलवत बसलो होतो.

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. मग म्हणाले, "ही एक साधी ऑपरेटर आहे. पण सगळ्यांचंच असं असेल असं नाही."

असं म्हणायला नको होतं. अक्कांनी पुन्हा टर्मिनलकडे तोंड केलं. शेती अधिकाऱ्यांचं दार त्यांच्या मुलीच्या नावानं उघडलं. मुख्य हिशेबनिसांचं अंबाबाईनं. मग अक्का म्हणाल्या, "साहेब, राग मानू नका," आणि साहेबांचं नाव टाकून पुढे पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली. साहेबांच्या बंगल्यावर टायगर नावाचा एक कुत्रा होता. साखळी तोडून सुटला की सगळी कॉलनी दारं लावून घ्यायची.

"ह्याला सगळा कारखाना भितोय," अक्का म्हणाल्या. "पण आत सोडलं त्यानं मला. भुंकलाबी न्हाई."

तात्या मोठ्यानं हसले. मग साहेबही हसले, त्यांना हसावंच लागलं. तात्यांनी विचारलं, की ज्याचा ऊस पुढं आला त्या पावण्याला कुणी विचारलंय का? कुणीच विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरनं नाव सांगितल्यावर माणसाला कशाला विचारायचं! त्याला गाडी पाठवून बोलावलं. तो रांगडा गडी शेतातून तसाच आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मला कॉम्प्युटरातलं काय कळतंय? आमच्या दाजींनी सांगितलं, तुझी तोड फुडं घेतो, म्हटलं घ्या." दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, आमच्याच शेती विभागातला ओव्हरसिअर. सुट्टीत रिकाम्या खोलीत शिरून त्यानं पहिल्याच फटक्यात शांताचं मधलं नाव टाकून बघितलं होतं. पुढे ओव्हरसिअरला घरी बसवलं. शांता दुसऱ्या दिवशी कामावर आली. नमस्कार करून टर्मिनलपुढे बसली.

अक्कांनी मला बोलावलं. "सदा, सोमवारची फेरी बंद. सांगून लोक सुधारत न्हाईत, आणि भडंगानं तर अजिबात न्हाईत. हे काम आता दारालाच करू दे."

लॉगिनचा प्रोग्रॅम आमच्याच विभागात लिहिलेला होता. नवा पासवर्ड कुणी टाकला की तो स्वीकारण्याआधी प्रोग्रॅमनंच तपासायचा, असा भाग आम्ही त्यात घालायला घेतला. आखूड असेल तर नको. नुसती अक्षरं नकोत, एखादा आकडा हवा. स्वतःचं नाव, मधलं नाव, आडनाव नको, आणि त्याच्यापुढे नुसता एक आकडा चिकटवून आणलंत तरी नको. एवढं मला सुचलं होतं. पण अक्कांनी त्यात कोल्हापूर जिल्हा ओतला. सगळे देव, आडवाटेच्या म्हसोबासकट. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतची गावं. पेठा, तालमी, नद्या, बैलांची नावं, म्हशींची नावं. इतकी वर्षं बारशाला, जत्रेला, बाराव्याला जाऊन त्यांनी डोक्यात जे साठवलं होतं ते सगळं त्या दारावर पहाऱ्याला बसलं. मी म्हणालो, "अक्का, म्हशींची नावं कशाला?" त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात म्हस न्हाई म्हणून इचारालाईस."

पासवर्ड नाकारला की पडद्यावर काय दाखवायचं, यावर आमचा वाद झाला. मी इंग्रजीत दोन शब्द लिहिले होते. अक्कांनी ते पुसले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: "पावणं, हे गावाला ठावं हाय. दुसरं टाका." तिसऱ्यांदा नाकारलं की: "जरा डोकं चालवा की."

ज्या दिवशी हा भाग चालू केला आणि सगळ्यांचे जुने पासवर्ड रद्द केले त्या दिवशी कारखान्यात चरक थांबल्यासारखा आरडाओरडा झाला. दुपारपर्यंत निम्म्या लोकांना आत जाता आलं नाही. मुख्य हिशेबनीस देवांची यादी संपवून राक्षसांकडे वळले, तर रावणही अक्कांच्या यादीत बसलेला. ते चिडून साहेबांकडे गेले, आणि अधिकाऱ्यांना या तपासणीतून सूट द्यावी असा निरोप आला. अक्का उठून स्वतः केबिनमध्ये गेल्या. "साहेबांसाठी वेगळं दार ठेवलं की चोर बी साहेब होऊन येतोय," एवढंच सांगून परत आल्या. सूट मिळाली नाही.

या गडबडीत शांताकडे कुणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळच्या चहाच्या वेळी बघतो तर ती अजून पहिल्याच पडद्यावर. "दिनकर" नाकारलं. "दिनकरराव" नाकारलं. नावापुढे आकडा लावला, नाकारलं. उलटं लिहिलं, तेही नाकारलं, कारण उलटं लिहिणारे असतात हेही अक्कांना ठाऊक होतं. पडद्यावर तिला "जरा डोकं चालवा की" असं लिहून आलेलं. अक्का जवळ गेल्या तशी ती हुंदका देऊन म्हणाली, "अक्का, मशीन त्यांचं नाव घेऊ देईना मला."

आजवर मी बरेच प्रोग्रॅम लिहिले. पण आपण लिहिलेल्या ओळीनं कुणाला असं लागावं, हे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, तिच्यापुरता तो नियम काढून टाकावा. तसं मी अक्कांना म्हणालोही. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विचार सोडला. साहेबांना सूट न देणारी बाई शांतालाही देणार नव्हती. एकदा दिली होती, तेव्हा तिची नोकरी जाता जाता राहिली होती.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, "शांते, उखाणा येतो?"

शांता दचकली. "अक्का, माझ्यासारखीनं कुठं उखाणा घ्यायचा आता?"

"मोठ्यानं कुठं घ्यायचाय? बोटांनी घ्यायचा. लग्नात चारचौघांत घेतलेला नगं, त्यो वडगावला पाठ असंल. कुणालाच ऐकवला न्हाई असा हाय एखादा?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हाय एक. मी केलेला. त्यांनाच तेवढा सांगितलाता."

"मला सांगू नगंस. मनातल्या मनात म्हण. एकेका शब्दाचं पहिलं अक्षर घे आणि टाक. नाव आलं की नावाचंबी पहिलं अक्षर. मधी एखादा आकडा घाल. ह्यो जगात तुझ्याशिवाय कुणाला सुचणार न्हाई. मी बी सगळ्या पंचक्रोशीची नावं घालून बघितली तरी सापडायचा न्हाई." अक्का उठल्या, मला दंडाला धरून फिरवलं, स्वतः फिरल्या, आणि आम्ही दोघं स्टॅबिलायझरकडे तोंड करून उभे राहिलो. मागे तिच्या ओठांची हलकी पुटपुट ऐकू येत होती आणि तिच्या मागोमाग कळांचा आवाज. थांबून थांबून, एकेक अक्षर. मग ती मोठ्यानं म्हणाली, "घेतलं, अक्का! मशीननं घेतलं!"

त्यानंतर रोज सकाळी शांता नमस्कार करून टर्मिनलपुढे बसायची, ओठ हलायचे, आणि दार उघडायचं. तेवढ्यापुरती खोलीतली सगळी माणसं आपापल्या कागदांत डोकं घालायची. कुणी ठरवलं नव्हतं, पण तशी रीतच पडली. ती हळूहळू बोलायला लागली, हसायलाही लागली. पुढे नव्या आलेल्या पोरींना पासवर्ड कसा करायचा ते तीच शिकवायची. आमच्या कारखान्याची अर्धी दारं त्यामुळे उखाण्यांवर बंद झाली. पुरुषांचंही अक्कांनी अडू दिलं नाही. कुणाला लावणीची ओळ, कुणाला आईची शिवी. "पहिलं अक्षर घ्या," म्हणायच्या, "शिवी दिसत न्हाई, पण जोर येतोय."

अक्का निवृत्त झाल्या तेव्हा कँटीनच्या हॉलमध्ये समारंभ केला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. साहेब फार चांगलं आणि फार वेळ बोलले. टायगर तोवर वारला होता, त्याचीही आठवण त्यांनी काढली. मीही दोन शब्द बोलायला उठलो आणि दोनच बोलून बसलो. मग कुणी आणखी बोलणार का असं विचारलं, तर मागच्या रांगेतून शांता उठली. चारचौघांत तिला बोलताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

"मला भाषण येत न्हाई," ती म्हणाली. "अक्कांच्यासाठी नाव घेते."

हॉलमध्ये चुळबूळ झाली. विधवा बाई भर सभेत नाव घेणार म्हणजे काय, हे पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर दिसत होतं. शांतानं कुणाकडे पाहिलं नाही. अक्कांकडे बघत, न अडखळता, स्वच्छ आवाजात तिनं म्हटलं:

"वडगावच्या बाजारात मिरचीचं पोतं,
दिनकररावांच्या सायकलीला घंटी नव्हती, माझं हसूच वाजत होतं."

तात्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि हॉल उसळला. मी अक्कांकडे पाहिलं. त्या शालीच्या टोकानं डोळे पुसत होत्या. पुसता पुसता एकदम थांबल्या. उभ्या राहिल्या.

"अगं बये! फोडलास की सगळ्यांम्होरं!"

"आकडा हाय की अक्का मधी," शांता म्हणाली. "त्यो कुठं सांगितला?"

"आकडे दहाच हाईत जगात! चल. आत्ताच्या आत्ता बदल."

आणि आपल्या निरोपाचा समारंभ तसाच टाकून, अंगावर शाल, हातात नारळ अशा अक्का निघाल्या. मागे शांता, मागे मी. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर आम्ही चपला काढल्या. शांता टर्मिनलपुढे बसली.

"दुसरा उखाणा हाय न्हवं?" अक्कांनी विचारलं.

"लई हाईत, अक्का," शांता म्हणाली.

अक्कांनी पाठ फिरवली. मीही फिरवली. नारळ पोटाशी धरून अक्का स्टॅबिलायझरकडे बघत उभ्या राहिल्या. मागून पुटपुट ऐकू आली, मग कळा वाजल्या, थांबून थांबून. मग आवाज थांबला.

"झालं?"

"झालं."

"दिनकरराव हाईत न्हवं त्यात?"

"हाईत की."

मग अक्का वळल्या.